रस्त्याखालचा दुसरा पाईप

वर्ध्यातल्या आमच्या कंट्रोल रूमच्या दारावर साहेबांनी हौसेनं एक पाटी लावली आहे : 'एक तार, सारा कारभार'. पाहुणे आले की ते त्यांना आधी पाटीसमोर उभं करतात आणि मग आत आणतात. आत मी असतो. नाव आदेश, काम दुसऱ्यांचे आदेश ऐकायचं. सेलू आणि वर्धा तालुक्यातल्या गावांचे टेलिफोन, इंटरनेट, बँकेचे कॉम्प्युटर, रेशन दुकानातली अंगठ्याची मशीन, मोबाइलचे टॉवर, हे सगळं आता एकाच काचेच्या तारेतून जातं, आणि ती तार जिवंत आहे की मेली हे मी भिंतीवरच्या पडद्यावर बघत बसतो. हिरवा ठिपका म्हणजे गाव चालू. लाल ठिपका म्हणजे माझ्या शिव्या चालू. नीट चाललेलं असताना कोणी कुत्रं विचारत नाही, आणि बंद पडलं की मी अख्ख्या तालुक्याचा गुन्हेगार.

पूर्वी असं नव्हतं म्हणे. फोनची तांब्याची तार वेगळी होती, इंटरनेटचं वेगळं होतं, आणि पाणी सोडण्याआधी वाजणाऱ्या धरणाच्या भोंग्यांची तर खांबांवरून गेलेली स्वतःची तार होती. एक मेलं तर दुसऱ्यावरून बोंब मारता यायची. मग सगळं एकात आलं, स्वस्त झालं, सोपं झालं आणि जुन्या तारा भंगारात गेल्या. मला त्यात काही वाईट दिसलं नाही. माझी नोकरी त्यातूनच निघाली होती, मला कशाला दिसेल?

माझं गाव चिंचोडी. सेलूच्या पुढे, नदीच्या काठावर. आईबाबा भाजीपाला करतात आणि सेलूच्या बाजारात नेऊन विकतात. पाऊसकाळ ओसरला की नदी आत सरकते आणि काठाला काळ्या गाळाची पट्टी उघडी पडते. त्या पट्टीत, म्हणजे आमच्या भाषेत वाडीत, गावची माणसं मेथी, पालक, सांबार लावतात. सांबार म्हणजे पुण्यामुंबईकडची कोथिंबीर. तिकडच्यांना आम्ही सांबार म्हटलं की इडली आठवते, त्याला आमचा इलाज नाही. दिवाळीच्या तोंडावर हा सांबार हातोहात जातो.

त्या दिवशी सकाळी मी ड्यूटीवर बसलो नाही तोच आईचा फोन आला.

“खाल्लं का काही?”

“खाल्लं आई. काम हाय, लवकर बोल.”

“काम तं तुले रोजच हाय. आयक, तुहे बाबा आज पाईप टाकून राह्यले. सांबार सुकून चालला बाप्पा, आज पाणी नाई भेटलं तं गेला. मी खाली वाडीत जाऊन बसतो. पाणी आलं का त्याईले हाक देतो.”

“आज आपली पाळी हाय का?”

“हाय नं,” आई म्हणाली. जरा घाईतच म्हणाली. मी फोन ठेवला.

ही पाळी काय भानगड आहे ते सांगतो. नदीला पाणी असतं, पण नदीवर वीज नाही, आणि डिझेलचं इंजिन खाली ठेवलं की चोर घेऊन जातात. त्यामुळे वाडीला पाणी द्यायचं ते वरच्या विहिरीवरून. विहीर रस्त्याच्या अलीकडे, वाडी पलीकडे, खाली उतारावर. मध्ये डांबरी रस्ता, चांगला उंच भराव घालून केलेला. रस्ता फोडायचा तर परवानगी लागते, आणि परवानगी मिळेपर्यंत सांबाराचं गवत होतं. पण आमच्या तारेच्या ठेकेदारानं त्या रस्त्याखालून दोन काळे पाईप टाकले होते. एकात तार घातली, दुसरा पुढेमागे लागेल म्हणून रिकामा ठेवला. गावाला रिकाम्या पाईपाचा पत्ता लागायला किती वेळ लागतो? चार घरांनी मिळून पाळ्या लावल्या. ज्याची पाळी त्यानं दुसऱ्याची नळी ओढून काढायची, आपली घालायची आणि पाणी घ्यायचं. भांडण नाही, तंटा नाही. मलाही हे ठाऊक होतं. रिकाम्या पाईपातून पाणी गेलं तर कंपनीचं काय जातं, असं म्हणून मी हसून सोडून दिलं होतं.

दुपारी जेवणाचा डबा उघडला आणि पडद्यावर तीन ठिपके एकदम लाल झाले. चिंचोडी आणि नदीच्या खालच्या अंगाची पुढची दोन गावं. तिन्ही एकाच तारेवर एकामागे एक ओवलेली आहेत, म्हणजे तार सेलू आणि चिंचोडीच्या मध्ये तुटली होती.

“झालं,” मी स्वतःशीच म्हणालो, “आला पुन्हा जेसीबी.”

अशा वेळी दुसऱ्या बाजूनं फिरून यायला एक वाट ठेवलेली असते. तार गोल फिरवलेली असते, इकडून तुटली तर तिकडून चालते. पण तिकडची बाजू रस्ता रुंद करणाऱ्यांनी आधीच उखडून ठेवली होती आणि आम्ही पत्रं पाठवत बसलो होतो. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. मी नियमाप्रमाणे तक्रार नोंदवली, आणि खरं सांगतो, एक घास खाल्लाही.

तेवढ्यात धरणावरून फोन आला. तिथल्या इंजिनिअर सुरभी मॅडम. नागपूरच्या. वयानं माझ्याएवढ्याच असतील, पण बोलणं नेहमी मोजकं. त्या दिवशी आवाज चढलेला होता.

“आदेश, चिंचोडीपासूनचे तीन भोंगे उत्तर देत नाहीयेत. तुमच्याकडे काय दिसतंय?”

“तार तुटली मॅडम. बघतोय. काही अर्जंट आहे का?”

“अर्जंट? वर डोंगरात रात्रभर पाऊस झालाय. धरण काठोकाठ भरलंय. मला दरवाजे उघडायचेत.”

मी खिडकीबाहेर बघितलं. लख्ख ऊन पडलं होतं. समोरच्या गच्चीवर कोणीतरी गाद्या वाळत घातल्या होत्या. दसरा होऊन गेला होता, पाऊस गेला म्हणून सगळ्या तालुक्यानं छत्र्या गुंडाळून ठेवल्या होत्या. खाली नदीत उतरलेल्या कोणाच्याही मनात पाणी येणार नव्हतं. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला : आई वाडीत बसली आहे.

“मॅडम, उघडू नका,” मी म्हणालो. “माझी आई खाली आहे.”

“सर्वांचं कोणी ना कोणी खालीच आहे आदेश. म्हणून तर भोंगा हवाय मला. नियम असा आहे की भोंगे वाजल्याची खात्री झाल्याशिवाय दरवाजा हलवायचा नाही. पण पाणी खुणेच्या वर गेलं की तो नियम संपतो. मग नाही उघडलं तर भिंतच जाईल. मी जितकं थांबता येईल तितकं थांबते. तुम्ही तार जोडा.”

मी आईला फोन लावला. 'आपण संपर्क साधू इच्छित असलेला ग्राहक संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.' बाबांना लावला. तेच. किराणा दुकानवाल्या रूपरावांना लावला, सरपंचांना लावला, काकांना लावला, ज्याचा ज्याचा नंबर माझ्याकडे होता त्या सगळ्यांना लावला. वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं, वेगवेगळ्या बाया, पण सगळ्या एकच वाक्य बोलत होत्या. कारण सगळ्या कंपन्यांची यंत्रं एकाच टॉवरवर टांगलेली, आणि तो टॉवर आमच्या तारेवर. ग्रामपंचायतीचा फोनही त्याच तारेवर. भोंगाही त्याच तारेवर. बाहेर जाऊन ती पाटी फोडून टाकावी असं मला वाटलं.

सेलूच्या पोलिसांना फोन केला. धरणावरून त्यांना आधीच निरोप गेला होता आणि त्यांची गाडी पलीकडच्या काठाच्या गावांकडे निघाली होती, कारण तिकडे शाळा नदीला लागून आहे. तिकडून वळून चिंचोडीला येईल म्हणाले. त्यांचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. पण त्या क्षणी मी त्या हवालदाराला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग मुकेशला लावला. मुकेश आमचा सेलूचा जोडणीवाला. तार कुठे तुटली हे सांगायचं माझं काम, जाऊन जोडायची त्याचं. पोरगा काटक, कामाला वाघ, बोलायला फटकळ.

“मुकेश, सगळं टाक अन् चिंचोडीकडे निघ. जोडायची पेटी घे.”

“जेवून राह्यलो भाऊ.”

“धरणाचं पाणी सोडून राह्यले. भोंगे बंद हायेत. माही आई नदीत बसून हाय.”

ताटाचा आवाज आला आणि गाडीची किक ऐकू आली. फोन त्यानं तसाच खिशात टाकला असावा.

तो वाटेत असताना मी मोजणीचं यंत्र लावलं. हे यंत्र तारेत उजेडाचा एक ठोका सोडतं, तो तुटक्या टोकावर आपटून परत येतो, आणि किती लांबून आला ते पडद्यावर उमटतं. मला अंतर दिसलं. ते मी नकाशावर मोजलं. मग पुन्हा मोजलं, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही. चिंचोडीतून सेलूकडे निघालं की मारुतीच्या देवळापुढे रस्ता उंच होतो, डाव्या हाताला आमची विहीर आहे, उजव्या हाताला खाली वाडी. तार बरोबर तिथे तुटली होती.

जेसीबी नव्हता. आज आपली पाळी नव्हती. आई खोटं बोलली होती.

मला सगळं समोर दिसलं. पाळी दुसऱ्याची, रिकामा पाईप त्याच्या नळीनं अडलेला, सांबार माना टाकून पडलेला, आणि बाबांच्या हातात हॅकसॉ. शेजारी तसाच दुसरा काळा पाईप. एक रिकामा निघाला तर दुसराही रिकामाच असणार, एवढा साधा हिशेब. मला त्यांचा इतका राग आला की मी समोरचा डबा ढकलून दिला. मुलगा या तारेवर पोट भरतो आणि बाप तीच तार कापतो! पण राग करत बसायला वेळ नव्हता, आणि रागाच्या खाली जी भीती होती ती रागापेक्षा कितीतरी मोठी होती.

सुरभी मॅडमचा पुन्हा फोन आला. “आदेश, खुणेला टेकलंय.”

“माणूस पोचतोच आहे मॅडम. पाया पडतो तुमच्या.”

“असं बोलू नका,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फाटला. “मी एकच दरवाजा थोडासा उचलते आधी. बाकीचे जमेल तसे लांबवते. पण पाणी निघालं की ते थांबणार नाही, हे लक्षात ठेवा.”

त्यांनी दरवाजा उचलला. पडद्यावर तीन लाल ठिपके तसेच होते.

मुकेश भरावावर पोचला. त्या उंचीवर उभं राहिलं की सेलूच्या टॉवरची एखादी कांडी मिळते, तेवढ्यावर त्यानं मला फोन लावला.

“भाऊ, पाईप कापला हाय. आतली तारही गेली. अन् तुमचे बाबा इथंच उभे हायेत.”

“मुकेश, ते राहू दे. तू खाली पळ, आईले वर आण. मंग जोड.”

त्याला धाप लागली होती.

“आदेशभाऊ, मी खाली गेलो तं जोडन कोण? खालच्या दोन गावाईतही बाया नदीतच हायेत. एवढ्या जनाईले मी हाका मारू शकतो का? भोंगा वाजला तं सारे निघतीन. तुमची आईही निघन.”

त्याचं बरोबर होतं. मला ते बरोबर आहे हे कळत होतं आणि तरी मी त्याला शिवी दिली. त्यानं पेटी उघडल्याचा आवाज आला.

“दोनच धागे जोड,” मी म्हणालो. “बाकी सारं सोड. निळा अन् नारिंगी. टॉवर अन् भोंगे त्याच्यावरच हायेत.”

“माईत हाय मले. फोन तुमच्या बाबाजवळ देतो.”

बाबांचा आवाज आला. माझे बाबा पुंडलिकराव, ज्यांनी मला उभ्या आयुष्यात कधी 'माझं चुकलं' असं म्हटलं नाही, त्यांचा आवाज लहान पोरासारखा येत होता.

“आदेश, मले वाटलं रिकामा हाय रे. आत नुसतं दोऱ्यासारखं काईतरी होतं. मले का माईत...”

“बाबा, ते सोडा. आई कुठी हाय?”

“खाली. पाण्याची वाट पाहून राह्यली.”

“बाबा, आयका. धरणाचं पाणी सोडलं. येऊन राह्यलं ते. आईले वर आणा.”

त्यांच्या हातातला हॅकसॉ डांबरावर खणकला.

“बाबा! पळा! आईले वर आणा लवकर!”

“हो,” एवढंच म्हणाले. मग फोन गवतात पडल्याचा आवाज आला. त्यांच्या गुडघ्याचं दुखणं मला माहीत होतं. उतार किती घसरडा आहे हेही माहीत होतं. पण दुसरं कोण होतं तिथे? मुकेशला जोडायला ठेवायचं होतं, तर उरलेला माणूस तोच. मी तेव्हा असाच विचार केला. त्यानंतर कितीतरी वेळा मी हा हिशेब पुन्हा मांडून बघितला आहे, आणि दर वेळी उत्तर तेच येतं, त्याचाच त्रास होतो.

गवतात पडलेला फोन चालूच होता. त्यातून मला मुकेशचं काम ऐकू येत होतं. काचेचा धागा केसासारखा असतो. त्याच्यावरचं आवरण सोलायचं, स्पिरिटनं पुसायचं, टोक सरळ कापायचं, दोन्ही टोकं यंत्रात समोरासमोर धरायची. मग एक ठिणगी पडते आणि काच काचेत विरघळते. धुळीचा एक कण मध्ये आला की पुन्हा पहिल्यापासून. थंड खोलीत बसून करायचं काम हे. तो रस्त्याच्या कडेला उन्हात बसून करत होता. एकदा 'हट्' असा त्याचा आवाज आला, म्हणजे एक जोड फसला होता. मी तोंडात रुमाल कोंबला, नाहीतर ओरडलो असतो.

मॅडमचा निरोप आला, बाकीचे दरवाजेही उचलावे लागले. मी 'बरं' म्हणालो.

मग चिंचोडीचा ठिपका हिरवा झाला, पाठोपाठ खालचे दोन्हीही.

भोंग्याची कळ आमच्याकडेही आहे, ती मी दाबली. गवतातल्या फोनमधून तो मला ऐकू आला, आधी आमच्या गावाचा, मग लांबून पुढच्या गावाचा. मी टेबलावर डोकं ठेवून रडलो. मुकेश तिकडे ओरडत होता, “वाजला भाऊ, वाजला!” आणि मी इकडे मूर्खासारखा टाळ्या वाजवत होतो.

लगेच आईला फोन लावला. या वेळी रिंग गेली. तिच्या फोनवर भजनाची ट्यून आहे, ती पूर्ण वाजली, पण तिनं उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा पूर्ण वाजली. बाबांचा फोन लावण्यात अर्थ नव्हता, तो त्यांच्या सवयीप्रमाणे घरी चार्जिंगला असणार. मी आईचाच नंबर फिरवत राहिलो. भोंगा वाजला आहे, ती निघाली असेल, धावताना फोन कशी उचलेल, असं मी स्वतःला सांगत होतो.

मध्येच मुकेशचा फोन आला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

“भाऊ, पाणी आलं.”

“आई दिसली का?”

“वाडीत कोणी दिसून नाई राह्यलं. वाडीच दिसून नाई राह्यली भाऊ. सारं लाल पाणी हाय.”

“अन् बाबा?”

त्यानं नाक ओढल्याचं ऐकू आलं.

“मुकेश, बाबा कुठी हायेत?”

“भोंगा वाजला तवा ते अर्ध्या उतारावर होते. मी लय हाका मारल्या, काका वर या, काका वर या म्हणून. त्याईनं वळून नाई पाह्यलं. भोंगा आयकून ते अजूनच जोरात पळाले, खाली. वाडीत गेले, इकडे पाह्यलं, तिकडे पाह्यलं, मंग नदीच्या वळणाकडे गेले काकूले पाहाले. मी पेटी सोडून उतरलो, पण तेवढ्यात...” तो हुंदके द्यायला लागला. “एका बाभळीले धरलं होतं त्याईनं. मी पाह्यलं. मंग बाभूळ नाई दिसली.”

मी खुर्चीवरून उठलो आणि पुन्हा बसलो. भोंगा मी वाजवला होता. 'पळा' मी म्हटलं होतं. आणि आता दोघंही गेली, असं मला वाटलं. पडद्यावर सगळे ठिपके हिरवेगार होते. साहेबांचा मेसेज आला होता, 'वेल डन टीम'. मी पोलिसांना फोन केला, मॅडमना केला, दरवाजे बंद करा म्हणून ओरडलो. सोडलेलं पाणी मागे कोण बोलावणार? मॅडमनी फोन ठेवला नाही, मीच ठेवला.

आणि टेबलावरचा फोन वाजायला लागला. वर नाव होतं : आई.

“आदेश!” आई धापा टाकत होती. “अरे भोंगा काऊन वाजला? एवढं पाणी कुठून आलं रे बाप्पा? बाजूच्या वाडीतली यशोदाबाई म्हणे पळ, तं मी तशीच पळालो, गावाकडल्या पायवाटेनं. पिशवीतला फोन वाजून राह्यला होता, पण कोण उचलते? आत्ता देवळापाशी येऊन बसलो.”

ती जिवंत होती. माझी आई बोलत होती, मारुतीच्या देवळाच्या पायरीवर बसून. आनंद झाला असं म्हणू का? झाला. इतका झाला की छातीत दुखलं, आणि त्याच जागी दुसरंही दुखत होतं.

“आदेश, आयकून राह्यला का?”

“हो आई.”

“तुहे बाबा कुठी हायेत? रस्त्यावर पाईपापाशी होते. इथून झाडाईच्या आडून दिसून नाई राह्यलं. खाली तं नाई उतरले नं मले पाहाले? थांब, मी जाऊन पाहून येतो.”

मी ताडकन उभा राहिलो. देवळापासून पाच पावलांवर उतार सुरू होतो. ती नवऱ्याला शोधायला उतरली असती तर कोणाच्या बापाचं ऐकलं नसतं. पाणी अजून चढत होतं. पोलीस अजून पोचले नव्हते, मुकेश भरावाच्या दुसऱ्या टोकाला होता. माझ्याजवळ तिला धरून ठेवायला हात नव्हता, फक्त हा आवाज होता.

“आई, जाऊ नको. बाबा सेलूले गेले.”

“सेलूले? कायले?”

“मुकेशच्या गाडीवर. तार जोडायचं सामान आणाले. मीच पाठवलं.”

“खरं बोलून राह्यला?”

“खरं आई. आत्ताच बोललो त्याईच्यासंगं.” माझा आवाज कसा इतका सरळ आला कोण जाणे. “तू घरी जाय. दार लाव अन् बसून राह्य. नदीकडे पाहूही नको.”

मग तिचा श्वास सैल झाल्याचं मला ऐकू आलं. पदरानं तोंड पुसलं असावं.

“आदेश, त्याईले रागावू नको बापू,” ती म्हणाली. “त्याईच्या मनात नव्हतं पाईप कापाचं. आज आपली पाळी नव्हती. मीच म्हटलं त्याईले, दुसरा काप म्हणून, मीच मांगं लागलो. सांबार गेला तं गेला. सांगजो त्याईले, जीवाले लावून नका घेऊ म्हणा.”

“सांगतो.”

“अन् लवकर पाठवजो घरी. सकाळपासून उपाशी हायेत ते.”

“पाठवतो आई,” मी म्हणालो.